काळ्या पुडीतला जीव



परवा रात्री नातीचा फोन आला. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे झाल्यावर म्हणाली, "आबा, तुम्हाला आवडेल असं काहीतरी वाचलंय. जिवंत पेशीला बाहेरून खनिजाचा अंगरखा घालतात. मग तिला ऊन लागत नाही, ती वाळत नाही. हवं तेव्हा अंगरखा उतरवायचा, की पेशी पुन्हा कामाला लागते."

मी मराठी माध्यमात बी.ए. झालेला माणूस. शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की सातवीचा विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडायचा, तेवढेच माझे विज्ञान. पण हे ऐकून मला झोप लागेना. कारण आमच्या घरात २०२२ च्या खरिपापासून एक भांडण चालू आहे आणि ते नेमके याच गोष्टीवरून आहे. भांडण म्हणजे शिवीगाळ नव्हे हो. पुतण्या माझ्यासमोर ते नाव काढत नाही आणि मीही काढत नाही, इतकेच. पण घरात एखादा विषय टाळला जाऊ लागला की तो ताटात वाढल्यासारखा रोज समोर येतो.

झाले असे. आमची मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून गेली. जालना जिल्ह्यात त्या साली ज्यांच्या बागा गेल्या त्यांना जास्त सांगायला नको. खोडे उपटली, पुढे त्या दोन एकरांत कापूस होत राहिला. २०२२ ला धाकट्या भावाने तिथे पहिल्यांदाच सोयाबीन घ्यायचे ठरवले. मी मोठा, त्यातून मास्तर! सल्ला दिल्याशिवाय कसा राहीन? म्हटले, "बियाण्याला रायझोबियम लावा. हवेतला नत्र फुकट मिळतो, युरियाचे पैसे वाचतात." आणि मोठ्या उत्साहाने एप्रिलमध्येच सहा पुड्या आणून ठेवल्या. ऐनवेळी धावपळ नको म्हणून! ठेवल्या कुठे, तर पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर.

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याखाली, माळ्यावर काय होत असेल ते तिथे ठेवलेल्या मेणबत्त्यांना विचारा, त्या वाकून गेल्या होत्या. मेणबत्त्या मला दिसल्या. पुड्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. पावडर तर होती, पावडरीला काय होणार?

पेरणी झाली. चाळिसेक दिवसांनी पुतण्याने दोन-चार झाडे मुळासकट उपटून ओट्यावर आणून टाकली. मुळांवर गाठी जवळपास नव्हत्याच. पाने पिवळट पडलेली. "नाना," तो म्हणाला, "ह्या पुड्या कुठं ठेवल्या होत्या?" मी सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी युरियाचे पोते आणून टाकले. भाऊ एवढेच म्हणाला, "जाऊ द्या दादा, पावडर फुकट गेली." त्या वाक्यातला 'पावडर' हा शब्द मला अजून टोचतो. कारण तो शब्द मीच त्याला शिकवला होता.

आता जरा पुडीत काय असते ते बघू. ज्यांच्या घरी शेती नाही त्या नातेवाईकांसाठी सांगतो. वर्गात सांगायचो तसेच.

पुडीत काळी भुकटी असते, बहुधा लिग्नाइटची. ती नुसती गादी. त्या गादीवर जिवाणू राहतात. सोयाबीनसाठी जो चालतो त्याला ब्रॅडीरायझोबियम म्हणतात. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या रूपातल्या अशा खतात दर ग्रॅमला निदान ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात, द्रवरूपात असेल तर दर मिलिलिटरला १० कोटी. म्हणजे २५० ग्रॅमच्या एका पुडीत साडेबाराशे कोटी जीव! भारताच्या लोकसंख्येच्या आठपटीहून अधिक वस्ती आपण पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला लटकवतो आणि उन्हातून घरी आणतो.

हे जिवाणू सोयाबीनच्या मुळात शिरतात, तिथे गाठी होतात. गाठीत बसून ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, झाड त्यांना साखर पुरवते. जिवंत, काम करणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद तिथे असतो, त्याचा तो रंग. सोयाबीन पूर्वी घेतलेल्या रानात हे जिवाणू मातीतच थोडेफार टिकून असतात. आमच्या मोसंबीच्या रानात ते येणार कुठून? सगळी भिस्त त्या सहा पुड्यांवर होती.

आणि या जिवाणूची अडचण अशी, की त्याला बीजाणू करता येत नाही. बॅसिलस जातीचे काही जिवाणू वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड भिंत बांधून वर्षानुवर्षे निजून राहतात. रायझोबियमकडे अशी रजई नाही. उष्णतेने, कोरडेपणाने, बियाण्याला आधी लावलेल्या बुरशीनाशकाने तो मरतो. म्हणून तर सांगतात, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, आणि बियाणे सावलीतच वाळवायचे. तो मेला तरी भुकटी काळीच राहते, पुडी तशीच दिसते, वजनही तेवढेच भरते. बैल मेला तर गावाला कळते. इथे साडेबाराशे कोटी जीव मेले तरी घरातल्या माणसाला कळत नाही.

नातीने सांगितलेला अंगरखा इथे आठवतो. सजीवाने खनिज घडवायचे, याला जैवखनिजीभवन असा जडजंबाल शब्द आहे. गोष्ट मात्र रोजची आहे. कोंबडीच्या अंड्याचे कवच, गोगलगायीचा शंख, आपले दात आणि हाडे, सगळे त्यातलेच. सूक्ष्म जीवांतही हे चालते. पाण्यातली डायॅटम नावाची शेवाळे स्वतःभोवती वाळूच्या जातीची, म्हणजे सिलिकाची नक्षीदार डबी बनवतात. बॅसिलसच्या एका जातीच्या बीजाणूंवर सिलिकाचा थर चढतो आणि त्यामुळे त्यांना आम्लातही टिकायला मदत होते, असे जपानी संशोधकांनी २०१० साली दाखवले.

माणसाने हेच हाताने करून पाहिले. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या एकेका पेशीभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे कवच चढवले. कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे आपल्या हाडांच्या जातीचेच खनिज. कवचातले यीस्ट निजून राहिले आणि उघड्या यीस्टपेक्षा जास्त दिवस जगले. कवच विरघळवले की पुन्हा वाढू लागले. पुढे २०१३ मध्ये त्याच धर्तीवर लसीतल्या विषाणूला कॅल्शियम फॉस्फेटचे कवच आले, उद्देश हा की लस फ्रीजबाहेरही टिकावी. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार स्फटिकाचे कवच यीस्टवर चढवून पाहिले गेले.

हे वाचताना मला आपले लोणार आठवले. मंठ्याहून तासाभराच्या रस्त्यावर आहे, जिल्हा बुलढाणा असला तरी आमची शाळेची सहल ठरलेली. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, आठवते ना? टाळेबंदीत घरात बसून आपण सगळ्यांनी ते फोटो एकमेकांना पाठवले. कोणी दैवी कोप म्हणाले, कोणी आणखी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि सांगितले, की हे मिठात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत. पाणी आटून खारटपणा वाढला, ते फोफावले आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. नमुना काही दिवस स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

अशा जीवांची एक गंमत आहे. खारे पाणी पूर्ण आटले की मिठाचे खडे होतात आणि खड्याच्या आत पाण्याचे बारीक थेंब अडकतात. त्या थेंबांत हे जीव राहून जातात. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली भागातल्या सुमारे २२ ते ३४ हजार वर्षे जुन्या मिठातून असे जीव काढून संशोधकांनी ते पुन्हा वाढवले. हा खडा त्यांनी स्वतः बांधलेला नाही, पाणी आटल्यामुळे तो आयता मिळाला, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण खनिजाच्या कुपीत जीव किती काळ तग धरू शकतो ते यावरून कळते. मिठात हजारो वर्षे, आणि आमच्या माळ्यावर दोन महिने नाही!

आता तुम्ही म्हणाल, मग झाले की. रायझोबियमला कवच घाला, मास्तरांचा माळा चालेल. इथेच माझे मत थोडे वेगळे आहे आणि त्यासाठीच आज लिहायला बसलो.

पहिली गोष्ट. कवच सगळ्यांनाच वाचवते, आपल्या शत्रूलाही. माझ्या धाकट्या बहिणीला मुतखड्याचा त्रास होता. औषधाने ताप उतरायचा, काही दिवसांनी पुन्हा यायचा. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की काही मुतखडे जंतूच घडवतात. लघवीतल्या युरियाचे ते अमोनियात रूपांतर करतात, लघवी अल्कधर्मी होते, आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेटचा खडा साचत जातो. जंतू त्या खड्याच्या आत राहतात. प्रतिजैविक तिथवर नीट पोहोचत नाही, म्हणून खडा पूर्ण काढावा लागतो. शेतात युरिया टाकल्यावर जो उग्र वास येतो तीच ही करामत, फक्त शरीरात. निसर्गाने कवच आपल्या सोयीसाठी शोधलेले नाही.

दुसरी गोष्ट. कवच वेळेवर उतरले नाही तर तेच थडगे होते. चुनखडी घडवणारे काही जिवाणू काँक्रीटच्या भेगा बुजवायला वापरून पाहतात. त्यात अनेक पेशी स्वतःच घडवलेल्या खनिजात गाडल्या जातात आणि मरतात. रायझोबियमला तर मुळापर्यंत जाऊन मुळाशी बोलणी करायची असतात. कवच ओल्या मातीत, पेरणीनंतर लगेच सुटले पाहिजे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत सुटले पाहिजे. प्रयोगशाळेत थोडे आम्ल टाकून कवच विरघळते, माझ्या भावाच्या रानात आम्ल कोण टाकणार? शिवाय ते पुडीच्या किमतीत बसले पाहिजे. म्हणून हे संशोधन परदेशातून आयते येईल म्हणून वाट बघत बसू नये, ते इथल्या मातीत व्हावे असे मला वाटते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले, ते आमच्या शिवारात पेरले जातात. तूर, मूग, हरभरा, सोयाबीन ही सगळी गाठीवाली पिके आपली. ज्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि बियाण्याच्या धंद्याने गावाचे नाव देशभर नेले, त्या जालन्याला बियाण्यासोबत जाणाऱ्या जिवाची काळजी का असू नये?

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते मुख्य. आपल्याकडे अडले आहे ते कवचावाचून नव्हे, दृष्टीवाचून. आपण बियाण्याची पिशवी घेताना उगवणशक्तीचा टक्का बघतो, चार दुकाने फिरतो, पावती जपून ठेवतो. जिवाणूची पुडी मात्र "एक टाका त्यात" म्हणून घेतो. तालुक्याच्या गावी एका दुकानात मी स्वतः पाहिले, पुड्यांचे खोके उंबऱ्याबाहेर उन्हात, आणि आत पंख्याखाली कीटकनाशकांच्या बाटल्या! दुकानदाराला म्हटले तर तो हसून म्हणाला, "सर, दहा पुड्यांसाठी फ्रीज ठेवू का?" त्याचेही खोटे नाही. विजेचे बिल त्याला भरायचे आहे, मागणी दोन महिन्यांची, नफा रुपया-दोन रुपयांचा.

पुतण्याची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण तो इथे येऊन भांडणार नाही. त्याचे म्हणणे असे, की युरियाचे पोते उन्हात ठेवा, माळ्यावर ठेवा, ते युरियाच राहते. जी वस्तू सांभाळायला इतकी नाजूक, ती गरिबाच्या शेतात कशाला? यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही. पण एवढे म्हणेन, की दूधही नाजूकच आहे. उन्हात नासते म्हणून आपण दूध सोडले नाही, तापवायला शिकलो. घरातल्या विरजणाची काळजी सून-सासू पिढ्यान्‌पिढ्या घेत आल्या आहेत, तीही जिवाणूंचीच निगा. विरजण जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे. पुडी जिवंत आहे हे कोणी सांगितलेच नाही. मीही सांगितले नाही. मी 'पावडर' म्हणालो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुडीवर ठसठशीत मराठीत लिहावे: 'यात जिवंत जीव आहेत, सावलीत व थंड जागी ठेवा'. अंतिम तारीख सोयाबीनच्या दाण्याएवढ्या मोठ्या आकड्यात हवी. तपासणीचे नमुने कारखान्याच्या दारात घ्याच, पण मे महिन्यात दुकानाच्या फळीवरूनही घ्या, कारण शेतकरी विकत घेतो ती पुडी तिथली. आणि शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना एकदा तरी शेतात नेऊन गाठ फोडून दाखवा. ज्याने गुलाबी गाठ डोळ्यांनी पाहिली तो पुडी माळ्यावर टाकणार नाही. मी इतकी वर्षे शिकवले, लोणारला सहली नेल्या, पण शाळेच्या कुंपणापलीकडची गाठ एकदाही दाखवली नाही. दोन महिन्यांच्या पुड्यांपेक्षा ही चूक मोठी.

२०२३ ला मी एक केले. पेरणीच्या आठच दिवस आधी पुड्या आणल्या, तारीख बघून. जुन्या रांजणात ओली वाळू घातली, त्यात छोटे मडके, मडक्यात पुड्या, वरून ओले पोते. हे सगळे लिंबाच्या सावलीत. पेरणीच्या सकाळी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला माझ्या हाताने चोळले. चार ओळी मुद्दाम तशाच, न लावता पेरायला सांगितल्या. त्या वर्षी ऑगस्टभर पावसाने दडी मारली, त्यामुळे उताऱ्यावरून काही ठरवता येणार नाही. पण चाळिसाव्या दिवशी मी एकटाच रानात गेलो आणि दोन्हीकडची पाच-पाच झाडे उपटून बघितली. लावलेल्या ओळींत गाठी स्पष्टपणे जास्त होत्या. चार ओळींचा हा काही प्रयोग नव्हे, हे मला कळते. मागच्या सालचे थोडे जिवाणू मातीत राहिलेही असतील. तरी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी!

ते झाड मी घरी आणून ओट्यावर ठेवले, त्याच जागी. काही बोललो नाही. संध्याकाळी पुतण्या आला, झाड उचलले, मुळे उलटसुलट करून पाहिली, एक गाठ फोडली आणि बोट धोतराला नाही, त्याच्या जीन्सला पुसून आत गेला. पुढच्या मे महिन्यात मात्र त्याने विचारले, "नाना, तो रांजण रिकामा आहे का?"

बस, एवढाच संवाद. अजून तो विषय आम्ही मोकळेपणाने काढलेला नाही.

नातीला मी म्हटले आहे, अंगरख्याचे शिक, जमले तर आपल्या मातीतल्या जिवाणूसाठी कर. तिने करेपर्यंत रांजण आहेच. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी खरीप आहे त्यांनी एवढे करा, आज माळ्यावर चढून बघा.